चांगलं वाटतंय, तरी रक्त तपासायचं

दर महिन्याच्या नऊ तारखेला टेंभुर्णीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायांची रांग लागते. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात देशभर हीच तारीख ठरलेली आहे. आशाताई आपापल्या गावातल्या बायांना घेऊन येतात. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी आणि त्याबरोबर एचआयव्ही.

लॅबच्या टेबलापाशी बसून मी हे काम पाहत होतो. टेक्निशियन स्पिरिटनं बोट पुसतो, ते वाळू देतो, मगच टोचतो. पहिला थेंब कापसानं टिपून टाकतो आणि दुसरा किटच्या खाचेत सोडतो. वरून बफर घालतो, किटवर नंबर आणि वेळ लिहितो. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. गुलाबी ओल पट्टीवर सरकत जाते आणि कंट्रोलची रेघ उमटते. ती उमटली नाही, तर किट बाद करून चाचणी पुन्हा करायची.

एका बाईनं बोट पुढं करता करता विचारलं, "मी चांगली हाये की, मंग एचआयव्हीचं कशाला बघता?"

"ताई, सगळ्यांचंच बघतो," टेक्निशियन म्हणाला.

रांगेत एवढंच सांगता येतं आणि ते बरोबरही आहे. पण त्या बाईच्या प्रश्नाचं खरं उत्तर विषाणूच्या पोटात आहे.

एचआयव्हीचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे 9,700 अक्षरांचा, त्यात जनुकं फक्त नऊ. तीन जनुकांतून त्याचा सांगाडा, एन्झाइम आणि बाहेरचं कवच तयार होतं. दोन जनुकं उत्पादनाचा वेग सांभाळतात. उरलेल्या चारांतून व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू आणि नेफ ही पूरक प्रथिनं बनतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही पेशींमध्ये विषाणूचं यांच्यावाचून अडत नसे, म्हणून बराच काळ ती दुय्यम मानली गेली. त्या पेशींमध्ये विषाणूला अडवणारी यंत्रणाच नव्हती, हे नंतर कळलं.

2002 मध्ये ॲन शीही, मायकेल मॅलिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या पेशींतलं एक संरक्षक प्रथिन सापडलं. त्याला आज एपोबेक-3जी म्हणतात. नव्या विषाणूत ते लपून बसतं आणि पुढच्या पेशीत विषाणू आपली डीएनए प्रत काढू लागला की त्या प्रतीतली अक्षरं बिघडवतं. व्हिफ त्याला आधीच गाठतं आणि पेशीच्याच मोडतोड यंत्रणेकडून त्याचा नाश करवून घेतं. 2008 मध्ये टेथरिन सापडलं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंना ते पेशीच्या अंगालाच धरून ठेवतं. व्हीपीयू ती पकड सोडवतं. व्हीपीआर पेशीचं विभाजन थांबवतं, तिची अनेक प्रथिनं मोडायला लावतं. यातून विषाणूला नेमका कोणता लाभ होतो, याचा उलगडा अजून चालू आहे.

मला सगळ्यांत धूर्त वाटतं ते नेफ. घरात चोर शिरला की घरधन्यानं खिडकीतून हात हलवून शेजाऱ्यांना बोलवावं, तशी पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी-1 नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवते. मारेकरी टी-पेशी ते तुकडे वाचतात आणि बाधित पेशी मारतात. नेफ हे हात आत ओढून घेतं. पण सगळे नाही! सगळेच हात गायब झाले, तर नॅचरल किलर पेशींना संशय येतो. म्हणून नेफ मुख्यतः ए आणि बी प्रकारचे रेणू काढतं आणि सी प्रकाराला हात लावत नाही. शिवाय नेफ आणि व्हीपीयू मिळून पेशीवरचा सीडी4 रेणूही हटवतात. तो राहिला असता, तर विषाणूच्या कवचाचे झाकलेले भाग उघडे पडले असते आणि प्रतिपिंडांना ती पेशी ओळखता आली असती.

नेफ नसलेल्या विषाणूचं काय होतं, हे माणसांतही पाहायला मिळालं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत एका रक्तदात्याच्या रक्तातून काही जणांना एचआयव्हीची लागण झाली. त्यांच्यात वर्षानुवर्षं औषधाविना आजार दिसला नाही. 1995 मध्ये कारण कळलं: त्या विषाणूच्या नेफ जनुकाचा तुकडाच गळालेला होता. पुढं काहींच्या सीडी4 नावाच्या प्रतिकारपेशी हळूहळू कमी झाल्या, म्हणजे तो विषाणूही निरुपद्रवी नव्हता.

आपल्याकडं पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये देबाशिष मित्रा यांच्या प्रयोगशाळेनं नेफची दुसरी बाजू तपासली. पेशी ताणाखाली आली की ती हीट शॉक प्रथिनं बनवते. त्यांतलं एचएसपी-40 नेफच्या प्रभावामुळं वाढतं आणि विषाणूची जनुकं वाचण्याच्या कामाला जुंपलं जातं, हे या गटानं 2005 मध्ये दाखवलं. एचएसपी-70 त्याच कामाला आळा घालतं, हे 2011 मध्ये. आपलीच दोन प्रथिनं, एक त्याच्या बाजूनं आणि एक विरोधात. अशा कामाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, याची मला खंत वाटते.

या चार प्रथिनांवर मारा करणारं एकही औषध अजून वापरात आलेलं नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रातून मिळणारी रोजची गोळी विषाणूच्या एन्झाइमांना अडवते आणि ते पुरेसं प्रभावी आहे.

बाधित पेशी अशा लपत असल्यामुळं शरीर त्यांचा पुरता नायनाट करू शकत नाही. सीडी4 पेशी झिजत जातात, पण माणूस अनेक वर्षं धडधाकट राहतो, शेतात राबतो. रक्तात मात्र विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती विषाणूला संपवू शकत नाहीत, पण साक्ष देतात. किटवर कंट्रोलच्या रेघेशिवाय उमटणारी दुसरी रेघ ही तीच साक्ष. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे मात्र ती उमटत नाही, म्हणून शंका असेल तर पुन्हा तपासावं लागतं.

दुसरी रेघ आली तरी तो अखेरचा निकाल नसतो. वेगवेगळ्या तीन किटवर खात्री झाल्यावरच निदान होतं. चाचणीआधी संमती आणि नंतर गोपनीयता हा 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं दिलेला हक्क आहे. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी 2004 पासून मिळते. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेवर उपचार मिळाले तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. त्या रांगेचं मोल एवढं मोठं आहे.

त्या रांगेत पुरुष नव्हते. काही नवरे फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून वाट पाहत होते. बायकोची तपासणी झाली म्हणजे आपली झाली, असं होत नाही. तब्येत ठणठणीत असली तरी आत या आणि बोट पुढं करा. केंद्रावर विचारायचा संकोच वाटत असेल, तर 1097 या मोफत क्रमांकावर फोन करा.