वकिलाविना उच्च न्यायालयात

मुंबई उच्च न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या पक्षकाराला ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात. वकिलीचा व्यवसाय १९६१च्या अधिवक्ता अधिनियमाने सनदधारकांपुरता ठेवला असला, तरी स्वतःच्या प्रकरणात उभे राहायला सनद लागत नाही. भाऊ, शेजारी किंवा मुखत्यार यांना मात्र दुसऱ्यासाठी युक्तिवाद करायचा तर त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

याचिका दाखल केली म्हणजे लगेच बोलायला मिळाले, असे नाही. २०१५च्या नियमांनुसार पक्षकाराने याचिकेसोबतच परवानगीचा अर्ज द्यायचा असतो. वकील का लावता येत नाही आणि न्यायालयाने वकील दिला तर चालेल का, हे त्यात लिहावे लागते. पुढे न्यायालयाच्या दोन अधिकाऱ्यांची समिती कागद पाहते, मजकुरात आक्षेपार्ह काही आहे का ते तपासते आणि पक्षकाराशी समोरासमोर बोलते. हा माणूस न्यायाधीशांना प्रकरण समजावून देऊ शकेल का, एवढेच तिला ठरवायचे असते. कायद्याची पदवी नसलेलाही यात पार पडू शकतो. नुसता त्रागा करणारा अडकतो. समितीचे मत अनुकूल आले, तरी न्यायालयाची शिस्त पाळण्याची आणि असभ्य भाषा न वापरण्याची लेखी हमी द्यावी लागते. ती मोडली तर परवानगी जाऊ शकते, अवमानाची कारवाईही होऊ शकते. पक्षकाराला स्वतः बाजू मांडणे झेपणार नाही असे वाटल्यास न्यायमित्र म्हणून वकील नेमण्याची शिफारस समिती करू शकते.

खरी अडचण भाषेची. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये हिंदीला मुभा मिळाली. मराठीला मुंबईत ती नाही. तालुक्याच्या कोर्टात मराठीत दावा लढवलेल्या शेतकऱ्याला इथे याचिका इंग्रजीत लिहावी लागते आणि सातबारा, फेरफार यांचे भाषांतरही मागितले जाऊ शकते.

मुदतीत सवलत नाही. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस मिळतात; नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणून निकाल लागताच नकलेचा अर्ज टाकलेला बरा. उशीर झालाच, तर विलंबमाफीच्या अर्जात त्याचे सबळ कारण द्यावे लागते. अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेला ठराविक मुदत नसली, तरी विनाकारण केलेली दिरंगाई तिलाही भोवते.

दाखल झालेल्या कागदांवर कार्यालय हरकती काढते: पानांना क्रमांक नाहीत, प्रतिज्ञापत्र अपुरे, मुद्रांक कमी. त्या दूर केल्याशिवाय प्रकरण सहसा बोर्डावर लागत नाही. हा व्याप नको असेल, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मागता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.