दूरस्थ सभासद आणि अध्यक्षाचे कर्तव्य

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांचे माजी विद्यार्थी आज देशोदेशी विखुरलेले आहेत. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी जाहीर झाली आणि पालकसभा, शिक्षकांच्या बैठका व व्याख्याने यांसाठी संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा हेच सभागृह झाले. पुढे सभागृहे पुन्हा भरू लागली. परंतु काही मंडळी समोर बसलेली आणि काही पडद्यावर, असा सभेचा एक प्रकार मागे राहिला. सोयीचा वाटणारा हाच प्रकार चालविण्यास सर्वांत अवघड आहे. यात दूरचा सभासद हजेरीपटावर उपस्थित असतो, चर्चेत मात्र बहुधा नसतो.

याचा दोष त्याच्या उदासीनतेला देणे अन्यायाचे होईल. कारण संभाषणाच्या स्वरूपातच दडलेले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांच्या एका तुलनात्मक अभ्यासात असे आढळले की, प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यास सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा केवळ पाचवा भाग लागतो. इंटरनेटवरून आवाज पोहोचण्यास एका बाजूने १५० मिलिसेकंद लागले तरी ते चांगलेच मानले जाते. तथापि जाण्यायेण्याचे मिळून ते ३०० होतात. म्हणजे दूरच्या माणसाने तत्काळ तोंड उघडले तरी त्याचा शब्द येईपर्यंत सभागृहातील कोणीतरी बोलू लागलेले असते. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात आणि दूरचा माणूस संकोचाने थांबतो. असे दोनदा घडले की तो पुन्हा बोलत नाही.

आपल्या देशातील दूरशिक्षणाला ही अडचण परिचित आहे. १९७५-७६ मधील ‘साइट’ या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. पण पाहणाऱ्यास प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. २००४ च्या सप्टेंबरमध्ये सोडलेल्या ‘एज्युसॅट’ने दुतर्फा संवादाचे वर्ग शक्य केले. तेथे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाऊन परतताना आवाजास एका बाजूनेच पाव सेकंद लागतो. अशा वर्गात शिक्षकाने केंद्राचे नाव घेऊन पाळी दिल्याखेरीज प्रश्नोत्तरे नीट चालत नाहीत.

शाळेच्या सभेलाही हाच न्याय लागू आहे. ‘कोणाला काही विचारायचे आहे काय?’ हा प्रश्न वस्तुतः समोरच्यांनाच विचारलेला असतो. अध्यक्षांनी प्रत्येक विषयावर दूरस्थांना प्रथम आणि नावाने पाचारण करावे, आणि उत्तरासाठी मनात पाच अंक मोजण्याइतके थांबावे. पडद्यावर उंचावलेले हात व लेखी संदेश यांवर लक्ष ठेवण्याचे काम एका स्वतंत्र सहकाऱ्याकडे द्यावे. अध्यक्षांना दोन्ही व्यवधाने सांभाळणे जमत नाही.

चित्रापेक्षा आवाजाची काळजी अधिक घ्यावी. चित्र अंधूक असले तरी सभा चालते, आवाज तुटला की सभाच तुटते. सभागृहातील प्रत्येक वक्त्याने माइकवरच बोलावे, आणि मागच्या रांगेतून आलेला प्रश्न अध्यक्षांनी माइकवर पुन्हा सांगावा. एकाच खोलीत दोन मोबाइल सभेला जोडून दोहोंचे माइक व आवाज चालू ठेवल्यास ध्वनी घुमतो; म्हणून एकच जोडणी ठेवावी.

वेळेचाही विचार हवा. आपल्याकडे सायंकाळचे ६ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात मात्र पहाटेचे साडेपाच किंवा साडेचार. विषयपत्रिका व हिशेब चार दिवस आधी पाठवावेत, म्हणजे ज्यांना येणे शक्य नाही त्यांचे मत लेखी येऊ शकेल. दूरस्थांच्या मतदानास संस्थेच्या नियमावलीत आधार आहे की नाही, हे सभेपूर्वीच पाहावे. ठराव मंजूर करण्यापूर्वी तो वाचून दाखवावा, आणि कोणाची जोडणी तुटली असल्यास क्षणभर थांबावे.

मराठी शाळा टिकवायची की नाही, वर्ग जोडायचे की इमारत दुरुस्त करायची, असे निर्णय आज अनेक संस्थांपुढे आहेत. त्यांचा भार उचलणारे पुष्कळ हात दूर आहेत. देणगीच्या आवाहनात ज्यांची नावे आवर्जून आठवतात, त्यांची नावे चर्चेच्या वेळीही उच्चारली गेली पाहिजेत.