मृगाचा पाऊस कधी चुकतच नव्हता?

नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात सर्वांत लवकर पोहोचला तो १९१८ साली, ११ मे रोजी. सर्वांत उशिरा पोहोचला १९७२ साली, १८ जूनला. एका वर्षी पावसाने घाई केली, दुसऱ्या वर्षी वाट पाहायला लावली. पण दोन्ही वर्षी देशात सरासरीपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी पाऊस झाला आणि दोन्ही वर्षं दुष्काळाची गेली. तेव्हा पाऊस कधी आला यावरून तो किती पडेल हे ठरत नाही. आणि ‘आमच्या लहानपणी सात जूनला पाऊस दारात हजर’ या आठवणीला नोंदवहीत आधार मिळत नाही. केरळातल्या आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून आहे, आणि त्यात आठवडाभर इकडेतिकडे होणं ही या पावसाची जुनीच रीत आहे.

सात जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृगाची तर गंमतच आहे. पंचांगातली पावसाची नक्षत्रं ताऱ्यांच्या आधाराने मोजतात. ऋतू मात्र सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशी बांधलेले असतात. ताऱ्यांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांच्या लांबीत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. त्यामुळे ऋतूंच्या हिशेबात मृग सुमारे ७१ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. शिवकाळापासून आजपर्यंत तो पाचेक दिवस सरकला. संक्रांत अधूनमधून १५ जानेवारीला येते, त्याच्या मुळाशीही हीच पुढची चाल आहे. पावसाने मृग चुकवला म्हणताना, मृग स्वतः जागचा हलला आहे हे कोणी ध्यानात घेत नाही.

‘असे दुष्काळ पूर्वी नव्हते’

होते, आणि आजच्यापेक्षा भयंकर होते. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगतात. बारा वर्षं हा आकडा लोककथेतला वाटावा असा. पण त्या काळच्या दीर्घ अवर्षणाला बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या खांबांनी पुष्टी दिली आहे. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातून असे खांब थराथराने वाढतात आणि त्या थरांतल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून त्या काळी पाऊस जोरदार होता की मंद, याचा अंदाज बांधता येतो. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात मोसमी पाऊस दीर्घकाळ अशक्त होता, असं हे दगड सांगतात. तेव्हा कारखान्यांची धुरांडी नव्हती. पुढे १६३०-३२ आणि १८७६-७८ हे दख्खनचे दुष्काळही निसर्गाच्याच लहरीतून सुरू झाले, जरी दुसऱ्यात माणसं मेली त्याला ब्रिटिश सरकारचं धान्यधोरणही जबाबदार होतं.

यावरून काही जण लगेच निष्कर्ष काढतात की हवामान पूर्वीपासून बदलतंच आहे, मग आताची ओरड कशाला? हा त्याच गैरसमजाचा दुसरा चेहरा. जुने चढ-उतार संपलेले नाहीत. त्यांच्याखालची जमीनच आता वर उचलली जाते आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आणि उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने तापला. निफाडला एखाद्या जानेवारीत दवबिंदू गोठले म्हणून ही वाढ खोटी ठरत नाही. एक रात्र म्हणजे हवामान नव्हे.

‘एल निनो आला, आता दुष्काळ ठरलेला’

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत हा शब्द झळकला की बाजारात डाळींचे भाव चाळवतात. प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापणं म्हणजे एल निनो. त्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे, यात वाद नाही; १८७७, १८९९, १९७२, २००९ ही सगळी एल निनोची आणि तुटीच्या पावसाची वर्षं. हा संबंध उलगडण्याची सुरुवातही भारतातूनच झाली. १९०४ साली हवामान खात्याची सूत्रं हाती घेतलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा आगाऊ अंदाज शोधत होते. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहताना त्यांना हिंदी आणि प्रशांत महासागरांवरच्या दाबाचा हेलकावा सापडला : एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. समुद्राच्या तापण्याशी त्याची सांगड मात्र १९६०च्या दशकात याकॉब ब्यर्कनेस यांनी घातली.

पण १९९७ पाहा. विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी तो एक, आणि भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग आफ्रिकेच्या बाजूला तापलेला होता आणि पूर्व भाग थंड होता, त्याने आपली बाजू सावरली. उलट २००२ साली एल निनो फारसा जोरदार नव्हता, अंदाजही सामान्य पावसाचा होता, आणि जुलैचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला. पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या ढगांची आणि वाऱ्यांची भूमिका याच संदर्भात पुढे आणली. प्रशांत महासागर खेळातला मोठा भिडू आहे, एकटा नाही.

‘पाऊसच कमी झाला’

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा गैरसमज अर्धा खरा आहे. १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीत ही घट अधिक ठळक होती. तिचं एक मोठं कारण हवेतले धूलिकण आणि धूर. ते सूर्यप्रकाश अडवतात, जमीन पुरेशी तापत नाही, आणि समुद्रावरून येणारा वारा मंदावतो.

पण शेताला सरासरीने काय साधतं? मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. मग पडायचं तेव्हा एकदम पडतं, आणि मधल्या उघडिपी लांबतात. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तरी हंगामाअखेर देशाचा आकडा ९४ टक्के. ज्याच्या सोयाबीनच्या शेंगा त्या ऑगस्टमध्ये भरल्याच नाहीत, त्याने या ९४ टक्क्यांचं काय करायचं?

सरासरी काळाप्रमाणे जागाही झाकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७४. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली तर ती ना महाबळेश्वरची, ना माणची.

‘सगळं हवामानबदलामुळे’

हे वाक्य अलीकडे कार्यालयांत फार सोयीचं झालं आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, खाली चिपळूण बुडालं. असा पाऊस वाढण्याला तापलेला समुद्र जबाबदार असू शकतो. पण पूररेषेत बांधकामाला परवानगी देणारा शिक्का समुद्राने मारलेला नसतो. दुष्काळाचंही तसंच. जुनी माणसं सांगतात की बहात्तरला धान्य नव्हतं, पण विहिरीत पाणी होतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. या चव्वेचाळीस वर्षांत पाऊस जितका बदलला, त्याहून जास्त जमिनीखालचं पाणी बदललं, ते बोअरवेलच्या खोलीने आणि उसाच्या ओढीने. लातूरच्या टंचाईचं मोठं माप मी आपल्याच पदरात टाकेन.

‘पुढे पाऊस आटत जाणार’

बहुतेक संगणकीय प्रतिकृती याच्या उलट सांगतात : या शतकात भारताचा मोसमी पाऊस वाढण्याचीच शक्यता अधिक, आणि त्याबरोबर एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी मेळ न बसणंही वाढेल. जिल्हा पातळीवर मात्र या प्रतिकृतींचं अजून एकमत नाही; तुमच्या गावाचा २०७०चा पाऊस कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. बदलाची चाहूल हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांतही दिसते : मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. काढणीला आलेल्या पिकावर पाऊस का पडतो, याचं एक उत्तर या नऊ दिवसांत आहे.

२०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, इतका लवकर तो नोंदींत कधी आला नव्हता. त्यानंतर महाराष्ट्रात तो जूनच्या मध्यापर्यंत अडखळला. म्हणून पुढच्या हंगामात देशाच्या टक्केवारीवर किंवा आगमनाच्या बातमीवर पेरणीचा निर्णय घेऊ नका. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळं आहेत आणि त्यांची पावसाची नोंद कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळते. आपल्या मंडळाचा आकडा बघा, जमिनीत ओल किती खोल गेली ते टिकाव मारून पाहा, आणि मगच चाड्यावर मूठ धरा.