दूध, वारसा आणि कर्करोग : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन

उंदरांच्या काही वाणांत बहुतेक माद्यांना पुढेमागे स्तनाचा कर्करोग होतो. आईला झाला, मुलीला झाला, नातीलाही झाला. तेव्हा रोग आनुवंशिक आहे असे आपण चटकन म्हणू. पण आईकडून पिलाला गुणसूत्रांखेरीज आणखीही काही मिळत असते. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी अशा वाणाची नुकती जन्मलेली पिले, रोग क्वचितच होणाऱ्या वाणाच्या माद्यांना पाजायला दिली. मोठेपणी त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण फारच घटले. गुणसूत्रे तीच, दूध मात्र निराळे! रोगाचे एक कारण दुधातून येत होते, हे बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवले.

तेवढे एकच कारण पुरेसे आहे का, या प्रश्नाचा मुंबईत चिकाटीने पाठपुरावा केला तो डॉ. कमल रणदिवे (1917–2001) यांनी. माहेरच्या त्या समर्थ, पुण्याच्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून 1943 मध्ये एम.एस्सी. मिळवली. सीताफळ कोठे आणि कर्करोग कोठे, असे वाटेल. पण दोन्हीकडे पाहायची ती विभागणारी पेशीच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये त्यांनी पीएच.डी. केली.

पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकल्या. 1951 मध्ये ‘हिला’ या सुप्रसिद्ध कर्कपेशी वाढल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा 37 अंश सेल्सिअस तापमानात, पोषक द्रवात जगवायचा, ही झाली पद्धत. ऐकायला सोपी, पण एखादा जंतू आत शिरला की सारी मेहनत वाया. गे यांनी नळ्या सावकाश फिरवण्याची युक्ती काढली होती. त्यामुळे पेशी आळीपाळीने द्रवात भिजत आणि हवा घेत. परत आल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (स्थापना 1952) भारतातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

या नळ्यांतून एक अनपेक्षित फाटा फुटला. कुष्ठरुग्णांपासून घेतलेले जंतू संवर्धनात वाढल्याचे केंद्राच्या गटाने 1958 मध्ये जाहीर केले. ते कुष्ठरोगाचेच का, यावर पुष्कळ वाद झाला आणि पुढे ते मायकोबॅक्टेरियमच्या दुसऱ्याच गटातले ठरले. तरी त्यांच्यापासून डॉ. माधव देव यांच्या गटाने केलेल्या लशीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत (1998) सुमारे 65 टक्के संरक्षण दिले.

कर्करोगासाठी मात्र नळीबरोबर उंदीरही हवेत, तेही वंशावळ ठाऊक असलेले. सख्ख्या भावंडांचा संकर वीस पिढ्या केला की जवळजवळ एकसारख्या आनुवंशिक घडणीचा वाण मिळतो. केंद्रात असा, स्तनकर्करोगाची प्रवृत्ती असलेला स्वतःचा वाणही सिद्ध झाला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध हा रणदिवे यांच्या कामाचा गाभा होता.

हे तिन्ही कसे जुळतात, ते आज रेणूंच्या भाषेत सांगता येते. दुधातला विषाणू आर.एन.ए.चा. तो आपली डी.एन.ए. प्रत करून ती पेशीच्या गुणसूत्रात कोठेतरी खुपसतो. बहुतेक ठिकाणी त्याने फारसे बिघडत नाही. पण ती एखाद्या वाढीच्या जनुकाशेजारी बसली, तर एरवी गप्प असणारे ते जनुक जागे होते. असे एक जनुक रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी 1982 मध्ये शोधले. रणदिवे यांना पद्मभूषण मिळाले तेही याच वर्षी. फळमाशीत पंख घडायला लागणारे एक जनुक त्याचेच भावंड निघाले! संप्रेरकांमुळे विषाणूच्या जनुकांना जोर चढतो, आणि विषाणू अंगात टिकणार की नाही हे बरेचसे उंदराच्या वाणावर ठरते.

वर्गात हे सांगताना एक प्रश्न हमखास येईल : मग आईचे दूध धोक्याचे का? नाही. मानवी दुधातून असा कर्करोग पसरतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट, अंगावर पाजणाऱ्या मातांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमीच असतो.