स्टिअरिंगची थरथर

सोलापूरहून तुळजापूरमार्गें धाराशिवकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६५ हे दोन मोठे रस्ते धाराशिव जिल्ह्यांतून जातात. शेताच्या कच्च्या वाटेनें वीस-तीस किलोमीटरच्या गतीनें चालणारी मोटार या रस्त्यांवर आली म्हणजे थोड्याच वेळांत ऐंशी-नव्वदाचा वेग धरते, आणि तोंपर्यंत निमूट असलेलें स्टिअरिंग चालकाच्या हातांत एकाएकीं थरथरूं लागतें. वेग उतरविला कीं थरथर थांबते. कित्येक चालक तेवढ्यावरच समाधान मानतात. दुसरे कित्येक घाईनें गॅरेज गाठून एकामागून एक भाग बदलवून घेतात; त्यांत पैसा जातो, पण थरथर राहते. ती कोणत्या वेगाला येते, कशानें वाढते आणि कशानें थांबते, हें पाहिल्यावांचून तिचें कारण सांपडत नाहीं.

मूळ कारण समजावयास सोपें आहे. बैलगाडीचें चाक मिनिटांत बारा-पंधरा फेरे घेतें. त्याची लोखंडी धाव एका बाजूला थोडी जड असली तरी गाडीवानाला तें कळतही नाहीं. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारें १.९ मीटर असतो; म्हणजे ताशीं ९० किलोमीटर वेगाला तें एका सेकंदांत तेरा फेरे घेतें. अशा चाकाच्या रिमवर एका जागीं अवघें ३० ग्रॅम वजन अधिक असलें, तर त्या वेगाला तें सुमारें साडेतीन किलोच्या जोरानें चाकाला बाहेर ओढतें. ही ओढ चाकाबरोबर फिरते. ती क्षणांत वर, क्षणांत खालीं, क्षणांत पुढें, क्षणांत मागें, अशी सेकंदाला तेरा वेळां दिशा बदलते. वेग निम्मा केला कीं ओढ चौथाई होते. म्हणूनच गांवांत शहाण्यासारखी वागणारी गाडी महामार्गावर बिथरते.

ठराविक वेगालाच थरथर अधिक कां, याचें उत्तर झोपाळ्यांत आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयींत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. अवेळीं दिलेले धक्के वायां जातात. मोटारीचीं पुढचीं चाकें, त्यांना तोलणारे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे यांचीही अशी एक लय असते. चाकाचे धक्के त्या लयीशीं जुळले म्हणजे थरथर वाढते. पुष्कळ गाड्यांत हा मेळ ताशीं ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान बसतो. त्यापुढें थरथर कमी झाली, तरी दोष गेला असें मात्र नव्हे.

या जिल्ह्यांत एक कारण वारंवार घडतें आणि तें फुकट दूर होतें. पावसाळ्यांत काळ्या रानांतून आलेल्या गाडीच्या रिमच्या आंतील बाजूस चिखल चिकटतो. काळी माती वाळली कीं दगडासारखी घट्ट होते. तिचें शंभर ग्रॅमचें ढेकूळ ९० च्या वेगाला बारा किलोच्या जोरानें ओढतें. बाहेरून चाक स्वच्छ दिसतें, म्हणून हा दोष नजरेस येत नाहीं. चाकाची आंतील बाजू पाण्याच्या जोरदार धारेनें धुतली असतां अनेकदां रोगच नाहींसा होतो.

धुऊनही थरथर राहिली तर क्रमानें कांहीं प्रश्न विचारावे. थरथर हातांत आहे कीं आसनांत? हातांत जाणवली तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. आसनांत व पायांखालीं जाणवली तर मागच्या चाकांत. ती केवळ ब्रेक दाबतांनाच येते काय? तसें असेल तर पुढच्या ब्रेकच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाहीं, असें समजावें. बालाघाटाचे उतार एकसारखा ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीच्या डिस्क अतिशय तापतात. त्यासाठीं उतार खालच्या गिअरमध्यें उतरावा. ॲक्सिलरेटर दाबतांनाच गाडी थरथरते आणि पाय उचलतांच शांत होते काय? मग इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या शाफ्टचा सांधा झिजला असण्याचा संभव आहे. मोकळ्या रस्त्यावर तोच वेग ठेवून गिअर एकानें खालीं आणला तरी थरथर तशीच राहते काय? राहिली तर दोष चाकांकडे. बदलली तर इंजिनाकडे.

दोष चाकांत आहे असें ठरलें म्हणजे डोळ्यांनीं व हातांनीं पाहणी करावी. टायरच्या कडेला फुगा आला आहे काय, खड्ड्यांत आपटून रिमची कड वांकली आहे काय, हवा बरोबर आहे काय, हें पाहावें. मग गाडी सपाट जागीं जॅकवर उचलून, दुसऱ्या चाकांना अडण लावून, चाक वर-खालीं धरून हलवावें. खेळ लागला तर बेअरिंग अथवा बॉल जॉइंट तपासावा. डावीकडे-उजवीकडे हलविल्यास खेळ लागला तर टाय रॉडचा सांधा पाहावा. शेवटीं पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालावीं. थरथर हातांतून आसनांत गेली तर दोष चाकाबरोबरच गेला, हें सिद्ध होतें.

येथें दोन कामांची गल्लत होते. चाकाचें वजन सर्व बाजूंनीं समतोल करणें हें बॅलन्सिंग. चाकें योग्य कोनांत व सरळ रेषेंत बसविणें हें अलाइनमेंट. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेनें झिजत असेल तर अलाइनमेंट करावें. वेगाला येणारी थरथर मात्र बहुधा बॅलन्सिंगनें जाते. यंत्रावर चाक फिरवून जड बाजू कोणती हें पाहतात आणि रिमवर समोरच्या बाजूस कांहीं ग्रॅमचीं लहान वजनें लावतात. टायर बदलला, पंक्चर काढण्यासाठीं तो उतरविला, किंवा वजन गळून पडलें, तर हें काम पुन्हां करावें लागतें.

दोन प्रकारच्या थरथरींत मात्र विचाराला वेळ घेऊं नये. चाक नुकतेंच बदललें असून थरथर लागली, तर नट ढिले असूं शकतात. गाडी ताबडतोब रस्त्याच्या कडेला घेऊन ते आळीपाळीनें समोरासमोरचे असे आवळावे. मंद वेगालाही हेलकावा येऊं लागला आणि तो वाढत चालला, तर टायरच्या आंतील थर सुटत असण्याचा संभव आहे. असा टायर उन्हानें तापलेल्या रस्त्यावर केव्हां फुटेल याचा भरंवसा नसतो. तो काढून स्टेपनी लावावी. वेग उतरवून पुढें रेटूं नये.

आश्विन पौर्णिमेस सोलापूरहून तुळजापूरकडे याच महामार्गानें असंख्य भाविक पायीं चालत जातात. इतर दिवशींही कडेनें सायकली, बैलगाड्या, शाळेचीं मुलें असतात. मोटारीचें पुढचें चाक निकामी झालें तर त्याची किंमत बहुधा आंत बसलेला एकटाच देत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं चारही चाकांभोंवतीं एक फेरी मारावी, आणि हाताला पहिली थरथर लागतांच वेग उतरवून तिचें कारण शोधावें.