शिष्यवृत्तीविना सतरा विजेतेपदं

अमेरिकी कॉलेजांच्या फुटबॉलवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मोठ्या विद्यापीठांची नावं हाताशी होतीच. मी मसाया निवडलं. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळच्या ग्रँथमचं हे ख्रिस्ती कॉलेज. १९०९ मध्ये बायबल शाळा म्हणून निघालं, २०२० पासून विद्यापीठ म्हणवतं. पदवीचे विद्यार्थी मात्र तीन हजारांच्या आतच. इथल्या मुलांनी २००० ते २०१७ दरम्यान एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद अकरा वेळा जिंकलं, मुलींनी २००५ ते २०१९ दरम्यान सहा वेळा. २००५, २००८, २००९ आणि २०१२ मध्ये तर दोन्ही चषक एकाच मोसमात ग्रँथमला आले.

या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. अभ्यासातल्या गुणांवर किंवा घरची परिस्थिती पाहून मदत मिळते. गोल छान मारते म्हणून कुणाची फी माफ होत नाही. म्हणजे इथे खेळणारी मुलगी कॉलेजात शिकायचे पैसे भरून रोज सरावाला उतरते. माझं मन इथेच अडकलं.

तिथला सामना पाहताना आधी घड्याळाकडे लक्ष जातं. ते ४५ मिनिटांवरून उलटं धावतं. गोल झाला, कार्ड निघालं की पंच खूण करतात आणि ते थांबतं. भरपाईची मिनिटं नाहीत. शेवटचे दहा सेकंद मोठ्याने मोजले जातात आणि शून्यावर खेळ संपतो, चेंडू कुठेही असो. बदली खेळाडूंचा नियमही वेगळा. पूर्वार्धात बाहेर गेलेली त्या अर्धात परतत नाही, उत्तरार्धात मात्र एकदा परत येऊ शकते. त्यामुळे बाकावरच्या मुलीही सामन्याचा भाग असतात, आणि चेंडू पायात ठेवून छोट्या पासांनी खेळणाऱ्या मसायाला ताजे पाय लागतातच. ही छोट्या पासांची सवय बाकापर्यंत मुरलेली असावी लागते, आणि ती मुरवतात प्रशिक्षक. मुलांचे प्रशिक्षक डेव्ह ब्रँट सहा विजेतेपदं मिळवून नौदल अकादमीत गेले. त्यांचे सहायक ब्रॅड मॅकार्टी यांनी सूत्रं घेतली आणि पहिल्याच मोसमात, २००९ मध्ये, चषक राखला. मुलींच्या सहाही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक होते स्कॉट फ्राय. कुठेच मुलींचा संघ मुलांच्या मागे फरफटत आला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

काळजी आहे ती मैदानाबाहेरची. २००७ मध्ये अमेरिकेत ४३ लाखांहून अधिक बाळं जन्मली. मग मंदी आली आणि आकडा घसरत गेला. २००७ची बाळं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. आता कॉलेजात येणाऱ्या पिढ्या लहान होत जाणार, आणि फीवर जगणाऱ्या छोट्या संस्थांना त्याची झळ आधी बसणार. पेनसिल्व्हेनियातच कॅब्रिनी विद्यापीठ २०२४ मध्ये बंद पडलं. पाचच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, त्यांच्या मुलांनी लॅक्रॉसमध्ये तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकलं होतं. चषकाने दारं उघडी राहिली नाहीत.

अशा संस्थांमध्ये खेळाडू म्हणजे प्रवेशही. संघ जितका मोठा, तितकी जास्त फी. पट भरायची जबाबदारी प्रशिक्षकांवर पडू लागली, तर पंचवीस जणींच्या जागी चाळीस जणी घ्याव्या लागतील. त्यातल्या कित्येकींना सामन्यात पाच मिनिटंही मिळणार नाहीत आणि फी मात्र सगळ्याच जणी भरतील. मोसम ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभी संपतो. तेवढ्यात चाळीस जणींच्या पायात तो छोट्या पासांचा खेळ कसा मुरवायचा?