दुसरा चेंडू

मंगळवारी आणि गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास आमच्या जिन्यात मोहरीएवढे काळे रबराचे कण सांडलेले दिसतात. कृत्रिम गवताच्या मैदानात हेच पसरलेले असतात. ते बुटांत शिरतात, मोज्यांत शिरतात, केसांतही अडकतात. जिन्यात कण दिसले की समोरच्या दारातला शेजारी सरावाहून परतला, हे मला कळतं. डंडीत तो सुतारकाम करतो आणि शनिवारी दुपारी तीन वाजता स्कॉटलंडच्या खालच्या लीगमध्ये मिडफिल्डर म्हणून उतरतो. वय तेहतीस. नाव आणि क्लब लिहायचा नाही, या अटीवर त्यानं मला वर्षभर मागं-मागं फिरू दिलं.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या सामन्याला बाबांच्या खांद्यावर बसून ओरडलेली. त्यामुळं फुटबॉल खेळणारा माणूस सोमवारी सकाळी दुसऱ्याच कामावर जातो, याचं मला नवल वाटलं नाही. मला बघायचं होतं ते त्याचं मैदानातलं काम. मिडफिल्डरचं काम प्रेक्षकाला फार कमी दिसतं. गोल मारणारा दिसतो, अडवणारा दिसतो. मधला माणूस चुकला तरच लक्षात येतो.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी अर्ब्रोथच्या गेफिल्ड मैदानावर मी ठरवलं, चेंडू बघायचाच नाही, फक्त ह्याला बघायचं. गेफिल्ड समुद्राला अगदी खेटून आहे. भरतीला वारा असला की लाटांचे तुषार भिंतीवरून आत येतात आणि उभ्यानं सामना बघणाऱ्यांच्या चष्म्यांवर मीठ सुकतं. त्या दिवशी वारा असा होता की गोलकीपरनं उंच मारलेला चेंडू मधल्या रेषेपाशी थबकायचा आणि उलटा फिरायचा.

पहिली गोष्ट जाणवली ती मान. चेंडू कुठंही असो, हा माणूस दर काही सेकंदांनी आधी एका खांद्यावरून मागं बघतो, मग दुसऱ्या. मी मोजायला लागले. दहा मिनिटांत पन्नाशी ओलांडली तेव्हा सोडून दिलं. मागं कोण आहे, किती अंतरावर आहे, कुठली बाजू मोकळी आहे, हे चेंडू पायात यायच्या आधी ठाऊक असावं लागतं. आल्यावर बघायला वेळच नसतो. सोबती ओरडून मदत करतात. मागून कुणी येत असेल तर ‘मॅन ऑन’, वळायला जागा असेल तर ‘टर्न’. पण अशा वाऱ्यात ओरडणंही उडून जातं. मग मानेचाच आधार.

दुसरी गोष्ट म्हणजे खाली पडणारा चेंडू. उंच चेंडू येतो, दोन धिप्पाड गडी उडी मारतात, कुणाचं तरी डोकं लागतं आणि चेंडू कुठंतरी पडतो. त्याला हे लोक ‘सेकंड बॉल’ म्हणतात. या लीगमधले अर्धे सामने त्या दुसऱ्या चेंडूवर ठरतात, असं मी आता ठामपणे म्हणेन. तो कुठं पडणार हे नशिबावर असतं, असं मला वाटायचं. त्यानं घरी परतताना गाडीत समजावलं, “चेंडूकडे बघायचं नाही. उडी मारणाऱ्याचे पाय बघायचे. तो मागं झुकत उडी मारत असेल तर चेंडू वर जाऊन जवळच पडणार. पळत येऊन मारत असेल तर लांब जाणार. वारा असेल तर त्यातून चार पावलं वजा.” त्या सामन्यात किती तरी वेळा तो कुणी नसलेल्या जागेकडं आधीच चालू लागला आणि चेंडू आपणहून त्याच्या पायाशी आला. चालू लागला, असंच म्हणते, पळत नव्हता. बावीस वर्षांचा असताना एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत पळायचा. आता दोन सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, पुढं उभा राहून वाट अडवतो आणि चेंडू मिळाला की साधा, जवळचा पास देतो. टाळी त्या पासला मिळत नाही. मी मात्र दर वेळी वाजवली.

तीन वाजता सुरू झालेला सामना मध्यंतरापर्यंत दिव्यांखाली गेला होता. मध्यंतरात दोन्हीकडचे पाठीराखे आपापला संघ ज्या गोलवर आक्रमण करणार त्या टोकाला चालत गेले, हातात मांसाची पाई आणि बोव्हरिल या गरम पेयाचे कप घेऊन. ही अदलाबदल मला या लीगची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

स्कॉटलंडच्या लीगमध्ये ४२ क्लब आहेत. वरच्या प्रीमियरशिपमध्ये १२, आणि खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू अशा तीन पायऱ्यांवर दहा-दहा. खालच्या पायऱ्यांवर प्रत्येक संघ प्रत्येकाशी चारदा खेळतो, म्हणजे वर्षाला ३६ सामने. ज्याच्या घोट्यावर ऑगस्टमध्ये लाथ मारली तोच नोव्हेंबरात, जानेवारीत, मार्चमध्ये पुन्हा समोर. खालच्या दोन पायऱ्यांवरचे बरेचसे क्लब अर्धवेळ खेळाडूंवर चालतात. शेजाऱ्याचा दिवस असा: सकाळी साडेसातला व्हॅन, दिवसभर दारांच्या चौकटी, संध्याकाळी सातला सराव. व्हॅनमध्ये रंधा आणि पटाशीच्या पेटीवरच बुटांची पिशवी असते. स्ट्रॅनरारला सामना असला तर डंडीहून एका बाजूचाच प्रवास अडीचशे किलोमीटरहून जास्त. एल्गिनच्या खेळाडूंना तर तिथं जायला चारशेहून अधिक. बसमध्ये कुणी झोपतं, कुणी सोमवारच्या कामाचं अंदाजपत्रक करतं.

शेजाऱ्याची सुरुवात अशी नव्हती. दहाव्या वर्षी एका मोठ्या क्लबनं त्याला आपल्या अकादमीत घेतलं, एकोणिसाव्या वर्षी पाच मिनिटांच्या बैठकीत सोडलं. अंगानं लहान, असं कारण दिलं. त्यानंतर एका छोट्या क्लबनं त्याला चाचणीसाठी खेळवलं. स्कॉटलंडच्या खालच्या लीगमध्ये करार न झालेला खेळाडूही चाचणी म्हणून खऱ्या सामन्यात उतरू शकतो. यादीत त्याच्या नावाऐवजी फक्त ‘ए. ट्रायलिस्ट’ लिहितात. त्या शनिवारी त्याची आई मैदानात होती. लाउडस्पीकरवर अकरा नावं वाचली गेली, त्यात मुलाचं नाव नव्हतं. ‘ए. ट्रायलिस्ट’ छापलेलं वर्तमानपत्राचं कात्रण तिनं आजही ठेवलंय.

असं कुणी सांगितलं की लोक लगेच अँडी रॉबर्टसनचं नाव काढतात. त्यालाही सेल्टिकनं लहान चणीचा म्हणून सोडलं होतं. २०१२-१३ मध्ये तो चौथ्या पायरीवर क्वीन्स पार्ककडून खेळत होता, तेही बिनपगारी, कारण तो क्लब तेव्हा हौशी खेळाडूंचाच होता. २०१९ मध्ये त्यानं लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली. ही गोष्ट मलाही आवडते. पण त्याच मोसमात त्याच पायरीवर खेळलेल्या इतरांचीही कारकीर्द झाली, आणि ती चढत गेली नाही म्हणून ती कमी भरली असं मला म्हणवत नाही. शेजाऱ्यानं चौदा मोसम काढलेत. गुडघ्याचं एक ऑपरेशन, दोनदा मोडलेलं नाक, एकदा वरच्या पायरीवर बढती.

आणि खाली पडायची भीतीही आहे. २०१५ पासून लीग टूच्या तळाच्या क्लबला जागा टिकवण्यासाठी हायलँड आणि लोलँड लीगच्या विजेत्यांतून आलेल्या संघाशी झुंजावं लागतं. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर गेला, २०१९ मध्ये बेरिक रेंजर्स, २०२१ मध्ये ब्रेकिन सिटी, पुढच्या वर्षी काउडनबीथ, त्याच्या पुढच्या वर्षी अल्बियन रोव्हर्स. त्यातल्या एका संघाबरोबर तोही खाली गेला होता. त्या दिवसाबद्दल त्यानं एवढंच सांगितलं की आंघोळीला कुणी उठलंच नाही, आणि मैदान सांभाळणारा म्हातारा दिवे बंद न करता दारात थांबून राहिला.

खालच्या लीगमधले करार बहुतेक वर्षाचे. म्हणून मे महिना वाईट. गॅफर, म्हणजे प्रशिक्षक, एकेकाला खोलीत बोलावतो. यंदा त्याचा नंबर शेवटून तिसरा होता. मी जिन्यातच उभी होते, घरात राहवेना. तो वर आला, किल्ली काढली आणि म्हणाला, “आणखी एक वर्ष.” पगार तोच. सकाळी साडेसातला व्हॅन नेहमीसारखी निघाली.

जूनमध्ये सुट्टी असते, पण जुलैत लीग कपच्या गटांचे सामने सुरू होतात, आणि या वयात शरीर आपणहून परत येत नाही. एका संध्याकाळी मी डंडीच्या ब्रॉटी फेरी किनाऱ्यावर, वाळूत फिरत होते. नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड होता. दुरून तो पळत येताना दिसला, एकटाच, चेंडू नाही. जवळ आला तसं लक्षात आलं की पळता पळता त्याची मान वळत होती, आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. मागं ओली वाळू आणि त्याच्याच पावलांचे ठसे होते.